ती उपाशी नव्हती

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारी चारच्या सुमाराला बेल वाजली. दार उघडलं तर समोरच्या फ्लॅटमधली मुलगी उभी, चौथीतली, शाळेचा युनिफॉर्म अजून अंगावरच आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली ती छोटी कुंडी, किडे खाणाऱ्या दवबिंदूची. मीच दिलेली, उत्तरायण म्हणजे संक्रांत झाल्यावर, तिच्या वाढदिवसाला. तिने कुंडी पुढे केली आणि विचारलं, "काकू, ही मेली का?" मी बघितलं. मधली दोन पानं तपकिरी होऊन आत वळली होती, बाकीची काळी पडून वाळूला चिकटली होती, आणि एकाही पानावर चमक नव्हती. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "परीक्षेत मी तिला मुंगी द्यायला विसरले. आठ दिवस. ती उपाशी मेली ना?" आणि मी, हातात चहाचा कप, गॅसवर दूध ठेवलेलं, अर्धं लक्ष तिकडे, तिला म्हटलं, "होतं गं असं कधीकधी. पुढच्या वेळी नीट लक्ष ठेव हं."

ती मान हलवून गेली. दार लावताना कुंडी तिने खाली ठेवली नाही, तशीच पोटाशी धरून नेली.

ही गोष्ट मला तेव्हा काही वाटली नाही, वाटायला लागली ती मे महिन्यात. आधी त्या झाडाबद्दल सांगते. काससारख्या पठारांवर सप्टेंबरात जाऊन आलेल्यांना दवबिंदू माहीत असेल, नाण्याएवढं, जमिनीलगत पसरलेलं, पानाच्या प्रत्येक केसाच्या टोकाला एक चिकट थेंब. मी कासला एकदाच गेलेय. सगळे फुलांचे गालिचे बघत होते आणि मी ओल्या कातळाच्या कडेला गुडघ्यावर बसले होते, कारण तिथे बोटभर जाडीचासुद्धा मातीचा थर नव्हता, नुसती जांभ्याची भुकटी आणि त्यावरून झिरपणारं पाणी, आणि त्यात हे लालसर टिकल्यांसारखं काहीतरी, शेजारी सीतेच्या आसवांची निळीजांभळी फुलं. दोन्ही कीटक खाणारी. एक पानांवर पकडतं आणि दुसरं जमिनीखालच्या बारीक फुग्यांमध्ये. जिथे दुसऱ्या कोणाला खायला काही मिळत नाही तिथे ही राहतात, म्हणून यांनी ही सोय केली. पण किडा म्हणजे त्यांचं जेवण नाही, हे मला नीट सांगता यायला हवं होतं त्या दिवशी. जेवण ती उन्हातूनच करतात, कुठल्याही झाडासारखी. किड्यातून मिळतो तो नायट्रोजन वगैरे, म्हणजे आपण लोणचं-चटणी म्हणू नये पण औषधाची गोळी म्हणू शकतो, आणि ती आठ दिवस काय, महिना-दोन महिने नाही मिळाली तरी झाड जरा हळू वाढतं, इतकंच.

आणि हे मला माहीत होतं. तरी मी "लक्ष ठेव" म्हटलं.

मे महिन्यात वडोदऱ्याचं ऊन कसं असतं ते मी सांगायला नको, बेचाळीस-त्रेचाळीसला गच्चीवर पाय ठेवता येत नाही. माझ्या बाल्कनीत हिरव्या नेटखाली अकरा कुंड्या आहेत, सगळ्या थाळ्यात एसीचं पाणी भरून त्यात बसवलेल्या. त्यातल्या दोन आजारी पडल्या. बाकीच्या नऊ त्याच उन्हात, त्याच पाण्यावर ठणठणीत. आधी थेंब गेले. दवबिंदूचं हे असतं, तब्येत बिघडली की पान हिरवंच दिसतं पण थेंब येणं बंद होतं, बोट लावलं तर चिकटत नाही. मग नवीन पान आधीच्यापेक्षा छोटं, त्याच्या पुढचं त्याहून छोटं. मला वाटलं ऊन, मग वाटलं बुरशी, आणि एका रात्री लाइट गेलेले असताना, काही करता येत नसताना अंधारात बसल्या बसल्या आठवलं की या दोन कुंड्या मी मार्चमध्ये बदलल्या होत्या आणि माती-मिश्रणात उरलेली पांढरी वाळू घातली होती. तीच पिशवी. जानेवारीत माती भुसभुशीत ठेवणारं परलाइट संपलं होतं म्हणून मत्स्यालयाचं सामान मिळतं अशा एका दुकानातून आणलेली, शुभ्र, एकसारखी, साखरेसारखी. दुकानदाराला विचारलं होतं सिलिका, म्हणजे गारेची वाळू, आहे ना, तो म्हणाला होता, "हा बेन, एकदम प्योर." पोरीच्या कुंडीत तर ती मी मुद्दाम वरूनही पसरली होती, छान दिसावी म्हणून.

सकाळी उठल्यावर चहासुद्धा न पिता चिमूटभर वाळू वाटीत घेतली आणि त्यावर नूडल्ससाठी आणलेलं व्हिनेगर ओतलं. वाटी कानाशी नेली. आवाज येत होता, सोड्याची बाटली उघडून ठेवल्यावर येतो तसा बारीक, सतत. डोळ्यांनी बघितलं तर प्रत्येक कणाला मोहरीहून लहान बुडबुडे धरलेले, एक सुटतो आणि दुसरा धरतो. ती वाळू नव्हतीच. संगमरवराचा चुरा होता. चुनखडी. देवघरातल्या डब्यातली रांगोळी घेऊन बघितली तर तीही तशीच फसफसली, म्हणजे मी त्या झाडाच्या मुळाशी तीन महिने रांगोळी घालून ठेवली होती असं म्हणायला हरकत नाही. पीट मॉस, म्हणजे दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ, आंबट असतं, त्याचा पीएच चारच्या आसपास, आणि या झाडांना तेच हवं. त्यात चुना मिसळला की आंबटपणा मरतो, कॅल्शियम पाण्यात उतरतं, आणि दवबिंदूची मुळं तर केसासारखी, चार-पाच, ती मुख्यतः पाणी प्यायला आणि धरून राहायला असतात, त्यांना क्षार झेपत नाहीत. ती पोर मुंग्या देत होती आणि खालून मी विष.

मत्स्यालयातल्या काही माशांना असं कडक पाणी चालतंही, त्यामुळे दुकानदाराचं त्याच्या जागी काही चुकलं असंही नाही म्हणता येत. पण मी विचारलं होतं.

बाबा सोफ्यावर बसून हे सगळं बघत होते. वय ब्याऐंशी, कानाला कमी येतं, पण वाळूचा विषय निघाला की कान बरोबर टवकारतात, कारण पस्तीस वर्षं ओव्हरसियर म्हणून त्यांनी साइटवर काढलीत, त्यातली कितीतरी डभोई-संखेडा-बोडेली पट्ट्यात. वडोदऱ्यातली जी काही जुनी-नवी बांधकामं मी लहानपणी बघितली त्यातली बहुतेक ओरसंगच्या रेतीत झालेली. सकाळी सकाळी ओले ट्रक यायचे, मागून पाणी गळत, आणि रस्त्यावर त्या पाण्याची रेघ. आम्ही घरी वाळू म्हणायचो आणि घराबाहेर पडलं की रेती, अजूनही तसंच आहे. बाबांचं वाळू ओळखायचं तंत्र हातात होतं. मूठभर घ्यायची, दोन्ही तळहातांत चोळायची, कानाजवळ. "बोलली पाहिजे," म्हणायचे. करकर वाजली म्हणजे कण टोकदार, मऊ लागली म्हणजे गाळ. मग हात झटकायचे आणि तळवा बघायचे, डाग राहिला तर संशय. कधी दोन कण दाताखाली धरायचे. आणि शंका आलीच तर काचेच्या उंच ग्लासात मिठाचं पाणी, त्यात वाळू, जोरात हलवून तीन तास ठेवायची, वाळूवर गाळाचा थर बसतो तो पट्टीने मोजायचा. आठ टक्क्यांच्या वर गेला की ट्रक परत. आमच्याकडे तो ग्लास स्वयंपाकघरातलाच असायचा, इथल्याच येरा कंपनीचा, आई कुरकुर करायची. काच वाळूचीच होते हे मला त्या ग्लासामुळे कळलं, बाबांनी दाखवलं होतं, ग्लास उन्हात धरून.

चांदोदची एक आठवण आहे, ती या वाळूच्या नादात परत वर आली. आजोबांचं तिथे केलं तेव्हा मी सातवीत होते. नर्मदा आणि ओरसंग जिथे मिळतात तिथे होडीने गेलो, एका बाजूला नर्मदेचं खोल हिरवट पाणी, दुसऱ्या बाजूने ओरसंग घोट्याएवढी, पसरट, तळातली वाळू स्वच्छ दिसतेय, लालसर, मधेच चमकणारे कण. पाय भाजत होते. गुरुजींनी सांगितलं तसं बाबांनी सगळं केलं, डोकं भादरलेलं, ओला पंचा, त्यांना तसं मी कधी बघितलं नव्हतं आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पिंड पाण्यात सोडून झाले. सगळे होडीकडे वळले. बाबा वाकले, ओल्या वाळूची मूठ उचलली आणि तळहातात चोळली. कानाजवळ नाही नेली. नुसती चोळत राहिले, बराच वेळ, मग हात उघडून बघितला आणि ती खाली सोडली. मला तेव्हा वाटलं होतं हाही विधीचाच भाग असेल. मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारावंसं वाटतं तर वाटतं की कशाला.

तर मी बाबांना म्हटलं, "मला झाडांसाठी चुना नसलेली वाळू हवीय, ओरसंगची चालेल का?" दुसऱ्या दिवशी सोसायटीत टाइल्सचं काम चालू होतं तिथून त्यांनी स्वतः काठी टेकत जाऊन घमेल्यातली दोन ओंजळी मागून आणली. रंग तोच, चांदोदचा. व्हिनेगर घातलं, काही नाही. शांत. मला इतका आनंद झाला की मी लगेच कुंडी भरायला घेतली, तर बाबा म्हणाले, "थांब. छोटा उदेपूरकडून येते ती. तिकडे डोलोमाइटच्या खाणी आहेत." आणि हे खरंच आहे, डोलोमाइट पण कार्बोनेटच, पण थंड, सौम्य आम्लात ते लगेच फसफसत नाही, त्यामुळे व्हिनेगरची वाटी गप्प राहिली म्हणून वाळू निर्दोष सुटली असं होत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो. आरओवाल्याकडून घेतलेलं, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर माझ्याकडे आहे, दोन बरण्यांमध्ये बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर भरलं, सुरुवातीचा आकडा २, एकीत मत्स्यालयाची वाळू, दुसरीत ओरसंगची न धुतलेली, झाकणं लावून तीन दिवस ठेवल्या, रोज हलवायच्या. तिसऱ्या दिवशी पांढरीचा आकडा ७१. ओरसंगचा ४३. मग ओरसंगची वाळू धुतली, बादलीत, हात घालून ढवळून, पाणी गढूळ निघतंय, ओतायचं, परत, सातव्या-आठव्या पाण्याला बादलीचा तळ दिसायला लागला, आणि परत तीन दिवस भिजवल्यावर आकडा ११. म्हणजे बरंचसं चिकटलेली माती आणि क्षार होते, दगड मुळात वाईट नव्हता. निदान त्या दोन ओंजळींतला तरी. नदी प्रत्येक पावसाळ्यात काय आणेल ते कोण सांगणार, म्हणून दर वेळी बरणी भरायचीच.

समुद्राची वाळू मात्र घ्यायचीच नाही, तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा असतो. मीठ धुऊन जाईल, शिंपले जाणार नाहीत.

पण खरी गंमत वाटावी, खरं तर मला भरून यावं, अशी गोष्ट पुढे झाली. वाळू धुऊन झाली तरी बाबांचं समाधान होईना, म्हणाले ग्रेडिंग बघितलंस का. मग आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या ओट्याशी, गव्हाची चाळण, रव्याची चाळण, पिठाची चाळण, सगळं ओलं चाळलं. बाबांच्या मते उत्तम वाळू म्हणजे जिच्यात सगळ्या मापाचे कण असतात. मोठ्यांच्या मधल्या फटीत मध्यम बसतात, मध्यमांच्या फटीत बारीक, आणि उरलेल्या जागेत सिमेंट, अशी घट्ट की आत काही शिरणार नाही. झोन टू, झोन टू, बांधकामाच्या वाळूच्या प्रतवारीतला हा शब्द मी त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलाय. मी त्यांना म्हटलं, बाबा, मला उलटं हवंय. मला फट हवीय. कुंडी कायम पाण्यात बसलेली असते, पीट वर्षभरात दबून चिखल होतो, वाळू घालायची ती त्या चिखलात हवा राहावी म्हणून, आणि बारीक कण असले तर ते नेमके पीटच्या फटीत जाऊन बसतात आणि आधीपेक्षा वाईट गच्च होतं. मला एकाच मापाचे हवेत, साधारण एक ते दोन मिलिमीटर, रव्याच्या चाळणीवर राहणारे.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी दोन फुलपात्री घेतली, एकात न चाळलेली धुतलेली वाळू काठोकाठ भरली, दुसऱ्यात मी चाळून ठेवलेली एका मापाची. मग खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून दोन्हीत पाणी घालायला लागले, हात थोडा थरथरतो आता, पण एक थेंब बाहेर सांडला नाही. पाणी वाळूत नाहीसं होतं, परत एक झाकण, परत नाहीसं होतं. पहिलं फुलपात्र सहा झाकणांना भरून आलं, वर पाणी चमकलं. दुसऱ्यात आठ गेली. ते त्या दुसऱ्या फुलपात्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे तुझ्या झाडांना आम्ही परत पाठवलेली वाळू पाहिजे."

"हो बाबा."

"अशी खूप पाठवली," म्हणाले, आणि हात पुसून पेपर वाचायला गेले.

नंतर मी मकरपुरा जीआयडीसीत पाण्याच्या फिल्टरचं सामान मिळतं तिथे गेले. फिल्टरच्या टाकीत भरायची क्वार्ट्झची वाळू तिथे मापावर मिळते, चाळणीच्या नंबराने, सोळा-तीस म्हणजे साधारण अर्ध्या-पाऊण मिलिमीटरपासून एकच्या जरा वर, आणि आठ-सोळा म्हणजे त्याहून जाडी, सव्वा ते सव्वादोनच्या आसपास, मला हवी ती. पोतं पन्नास किलोचं, पण तिथल्या माणसाने फाटलेल्या पोत्यातली पाच किलो दिली. त्याने विचारलं, "बेन, टांकी केवडी छे?" मी म्हटलं टाकी नाही, कुंड्या आहेत, माखी खाणारी झाडं. तो हसला नाही, म्हणाला, रेती सारी छे, धोईने वापरजो. चांगला माणूस. ही वाळू बरणीत तीन दिवस ठेवली, आकडा २ चा ४ झाला. काहीच करत नाही ती. पाण्याला काही देत नाही, काही घेत नाही. या झाडांच्या मुळाशी असंच काहीतरी हवं असतं, जे नुसतं जागा धरून राहील. व्हीनस फ्लायट्रॅपचं तर मूळ गावच तसं आहे, अमेरिकेतल्या दोन्ही कॅरोलिनांच्या किनारपट्टीजवळची ओली, आंबट, वाळूमिश्रित पीटची जमीन, जगात दुसरीकडे ती आपणहून उगवत नाही. म्हणून अर्धं पीट, अर्धी वाळू हे माप लोक वापरतात, आणि आपल्याकडे पीटऐवजी कोकोपीट गळ्यात मारतात त्यात परत क्षार असतात, तोही एक वेगळाच ताप.

पोतं रिकामं करताना धूळ उडाली. पांढरी, उन्हात तरंगणारी, छान दिसणारी. मी श्वास धरला. ज्या वाळूला मी आत्ता काहीच करत नाही म्हटलं, ती फुप्फुसात गेली तर कधीच बाहेर येत नाही. गोध्रा आमच्यापासून काही लांब नाही. तिथल्या क्वार्ट्झ दळायच्या कारखान्यांत झाबुआ-अलीराजपूरकडची आदिवासी माणसं कामाला यायची, दगडाचं पीठ करायचं काम, आणि घरी परत जाऊन धाप लागून मरायची, तरुण माणसं, सिलिकोसिस. २०१० मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २३८ मृतांच्या घरच्यांना ३ लाख रुपये भरपाई द्या असं गुजरात सरकारला सांगितलं. खंभातच्या अकीकचे दगड घासणाऱ्यांचीही तीच कथा. मी पाच किलो वाळू ओली करून मग चाळते, कोरडी कधीच नाही, तोंडाला रुमाल बांधते, आणि दर वेळी ते पोतं भरणारा कोण असेल असं मनात येतं. माझ्या छंदासाठी हे पोतं हवंच का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. ओरसंगची घ्यावी तर नदी उपसून उपसून काय झालीय ते चांदोदच्या रस्त्यावर जाता-येता दिसतंच. सध्या मी जुन्या कुंड्यांमधली वाळू टाकत नाही, पीट धुऊन काढते आणि तीच परत वापरते, इतकंच जमतंय.

हे सगळं होईपर्यंत जून संपत आला. आणि समोरचं दार रोज दिसत होतं. सुट्टीत ती मामाकडे गेली होती, परत आली, शाळा सुरू झाली, जिन्यात भेटली की हसायची पण बाल्कनीत यायची बंद झाली होती, आधी रोज यायची. मी दोनदा ठरवलं आणि दोनदा राहिलं. लहान मुलांना आपली चूक सांगायला इतकं जड का जातं कळत नाही, मोठ्यांना पटकन सॉरी म्हणतो आपण.

शेवटी पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी तिला बोलावलं. ओट्यावर दोन वाट्या मांडल्या होत्या. एकीत पांढरी, एकीत आठ-सोळा. तिच्या हातात व्हिनेगरची बाटली दिली. तिने ओतलं, आणि मी म्हटलं, कान लाव. ती स्टुलावर चढून वाकली, एका वाटीला कान लावला, मग दुसरीला, मग परत पहिलीला. "ही बोलतेय," म्हणाली. बाबांनी पेपर खाली केला.

मी तिला सांगितलं. की ही वाळू मी घातली होती, ती चुन्याची निघाली, झाड त्याने गेलं, मुंग्यांचा काही संबंध नव्हता, आणि त्या दिवशी मी तुला लक्ष ठेव म्हटलं ते चुकीचं होतं. ती वाटीतल्या बुडबुड्यांकडे बघत होती. मग विचारलं, "म्हणजे ती उपाशी नव्हती?"

"नाही. अजिबात नाही."

"मी अक्षय तृतीयेला मुंग्यांना साखर घातली होती," ती म्हणाली, "त्यांना मी पकडून द्यायचे ना म्हणून." यावर मला काही बोलता आलं नाही. बाबा उठले, त्यांनी धुतलेली वाळू तिच्या तळहातावर ठेवली आणि चोळायला लावली.

पावसाचं पाणी आम्ही बादलीत धरलं होतं, मीटरवर आकडा ९. तिच्याच जुन्या कुंडीत, ती तिने टाकली नव्हती, अर्धं पीट आणि अर्धी वाळू भरली, आणि वर दवबिंदूचं बी टाकलं, ते मिरपुडीसारखं असतं, मातीने झाकायचं नसतं, नुसतं पसरायचं. श्वास जोरात घेतला तरी उडून जाईल म्हणून तिने ओढणीने नाक धरलं होतं. वर प्लास्टिकचं झाकण.

आज सतरा दिवस झाले. पीटवर थोडं हिरवं दिसतंय, पण ते शेवाळं असावं. काल ती भिंग घेऊन आली होती, बराच वेळ बघत बसली, मग बाबांना म्हणाली, आजोबा, तुम्ही बघा, मला नीट दिसत नाही. त्यांनाही नाही दिसलं.